घणसोलीतला डेटा सेंटर अभ्यासक्रम : जनरेटर खरा, पत्रकावरचा आकडा दुसऱ्याचा

नवी मुंबईच्या घणसोली नोडमधल्या एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या, डेटा सेंटर तंत्रज्ञ तयार करण्याच्या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचा हा अनुभव आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे वर्ग आता बरेच झाले आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते त्यांतल्या बहुतेकांच्या पत्रकांना लागू पडेल. मी स्वतः आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. रबाळ्याच्या एका रासायनिक कंपनीत एकवीस वर्षे देखभाल विभागात काढली. ती कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद झाली, तिचा भूखंड विकला गेला आणि आज तिथे एका डेटा सेंटरचे काम चालू आहे. आमच्या कंपनीत तिन्ही पाळ्या मिळून साडेतीनशे माणसे होती, हे येथे नोंदवून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येईल.

शुल्क 48,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हातातून 56,640 रुपये गेले. तीन हप्त्यांची सोय आहे, परंतु तिसरा हप्ता अभ्यासक्रम संपण्याच्या महिनाभर आधीच घेतात. पत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले, वर निळ्या दिव्यांच्या रॅकचे (सर्व्हर ठेवायच्या उभ्या कपाटाचे) चित्र आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘महाराष्ट्रात 81,300 नोकऱ्या : आपण तयार आहात का?’ हे वाक्य. मी ते पत्रक घडी घालून पाकिटात ठेवले होते आणि खरे सांगायचे तर प्रवेश त्या आकड्यामुळेच घेतला.

हा आकडा संस्थेने मनाने बनवलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये दावोसला राज्य सरकारने जे सामंजस्य करार केले, त्यांच्याच सुमारास अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने महाराष्ट्रात 2030 पर्यंत 8.3 अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले आणि त्यासोबत हा आकडा दिला. मात्र कंपनीचे मूळ वाक्य नीट वाचले तर त्यात 81,300 माणसांना कामावर घेऊ असे कुठेही म्हटलेले नाही. डेटा सेंटरच्या स्थानिक पुरवठा साखळीत दरवर्षी इतक्या पूर्णवेळ रोजगारांना आधार मिळेल, असे ते वाक्य आहे. त्या साखळीत बांधकामावरचा गवंडी येतो, केबल ओढणारा येतो, देखभालीचा कंत्राटदार येतो आणि दूरसंचार कंपनीचा अभियंताही येतो. हा अंदाज गुंतवणुकीच्या रकमेवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. पण मंत्र्यांच्या भाषणात ‘आधार मिळेल’ हे क्रियापद गळते, वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘पुरवठा साखळी’ गळते आणि घणसोलीच्या पत्रकावर पोहोचेपर्यंत नुसता आकडा आणि प्रश्नचिन्ह उरते. पहिल्या दिवसाच्या उद्घाटनपर व्याख्यानात तर संचालकांनी थेट अमेरिका गाठली. जानेवारी 2025 मध्येच व्हाइट हाउसमधून जाहीर झालेला, चार वर्षांत 500 अब्ज डॉलरांचा आणि एक लाखाहून अधिक नोकऱ्यांचा स्टारगेट हा एआय डेटा सेंटरांचा प्रकल्प त्यांनी पडद्यावर दाखवला. व्यासपीठ राष्ट्राध्यक्षांचे असले तरी पैसा ओपनएआय, सॉफ्टबँक, ओरॅकल यांसारख्या खासगी मंडळींचा आहे आणि सरकारने देऊ केलेली मदत मुख्यतः परवानग्या आणि वीजनिर्मितीचा मार्ग मोकळा करण्याची आहे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

अभ्यासक्रमाचे दोन भाग आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले सहा आठवडे ‘एआय पायाभूत सुविधा’ या नावाखाली जातात. एक तरुण शिक्षक सरकत्या चित्रांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास सांगतात, चॅटजीपीटीला प्रश्न कसा विचारावा याचा सराव करून घेतात आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मंजूर केलेल्या 10,371.92 कोटी रुपयांच्या इंडियाएआय मिशनची रक्कम पाठ करून घेतात. त्या पैशाचा वाटा आमच्यासारख्यापर्यंत कसा येणार, असे मी विचारले तेव्हा उत्तर आले नाही. ते अवघड नव्हते. त्या मिशनमधून संशोधकांना आणि नवउद्योगांना जीपीयू, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप, सवलतीच्या दरात वापरायला मिळतात. ते जीपीयू पनवेलच्या योट्टासारख्या खासगी केंद्रांत बसवलेले असतात. सवलत यंत्राच्या तासावर आहे, यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगारावर नाही.

त्याहून मोठी त्रुटी वेगळीच आहे. एआयमुळे आमच्या कामात खरोखर जो बदल झाला आहे तो या सहा आठवड्यांत शिकवलाच जात नाही. जुन्या पद्धतीचा रॅक साधारण 5 ते 10 किलोवॅट वीज खात असे. एनव्हिडिया या चिप कंपनीचा जीबी200 एनव्हीएल72 हा एकच रॅक 120 किलोवॅटच्या आसपास जातो. इतकी उष्णता थंड हवेच्या झोतांनी निघत नाही, म्हणून द्रव थेट चिपवरच्या थंड पट्टीपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे विजेच्या शेजारी पाणी आले, नळ्या आल्या, जोड आले, गळती शोधणे आले. ज्या वर्गाच्या पाटीवर एआय लिहिले आहे तेथे निदान एक पंप आणि चार मीटर नळी तरी हवी होती. त्याऐवजी आम्ही रोबोची चित्रे पाहिली.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहिता येते. मागच्या बाजूला, मजल्यावरच्या दोन गाळ्यांच्या भिंती पाडून एक प्रयोगशाळा केलेली आहे : एक यूपीएस, बॅटऱ्यांची एक रांग, चार रॅक, एक छोटा प्रिसिजन एसी (सर्व्हरसाठी तापमान काटेकोर राखणारा), आणि तळमजल्याच्या मागच्या अंगणात जुना पण धडधाकट डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर. तेथले प्रशिक्षक महापे आणि ऐरोलीच्या केंद्रांत बारा वर्षे पाळ्या केलेले गृहस्थ आहेत. त्यांचा पहिला धडा असा : सगळे मीटरचे आकडे वहीत उतरवत असताना त्यांनी कोणालाही न सांगता मुख्य पुरवठा बंद केला. दिवे गेले, एसीचा पंखा घरघरत थांबला, यूपीएसची बारीक शिटी सुरू झाली आणि सर मोठ्याने आकडे मोजू लागले. ते आठ म्हणेपर्यंत खाली डीजीने धक्का घेतला होता, अकराला त्याने भार उचलला. ‘या अकरा सेकंदांचा पगार मिळतो तुम्हाला,’ एवढे बोलून त्यांनी विचारले की आता कोणी काय पाहायला जायचे. बावीस जणांपैकी एकोणीस जण डीजीकडे धावले होते. सरांना अपेक्षित असलेले उत्तर एसीचे होते, कारण यूपीएसने रॅक चालू ठेवले तरी थंडावा परत सुरू झाला की नाही हे कोणीतरी डोळ्यांनी पाहावे लागते. माझ्या एकवीस वर्षांच्या अनुभवानंतरही त्या दिवशी मी डीजीकडेच धावलो होतो, हे कबूल करतो.

कुलूप लावून वीज तोडण्याची पद्धत, कामाचा परवाना भरणे, थर्मल कॅमेऱ्याने बसबारचे (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) तापलेले जोड शोधणे, पाळी बदलताना वहीत काय लिहावे आणि काय तोंडीच सांगून सोडू नये, हे सगळे त्यांनी हाताने करून घेतले. तेथे बसलेला वेळ वाया गेला असे एकदाही वाटले नाही.

दहाव्या आठवड्यात महाप्याच्या एका केंद्रात भेट झाली. फाटकावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, सर्व्हर हॉल काचेतून दाखवला, डीजी यार्ड आणि नियंत्रण कक्ष आतून. नियंत्रण कक्षात तिघे जण पडद्यांसमोर बसले होते, एक फेरीवर गेला होता. भिंतीवर पाळीचा तक्ता होता. तो वाचण्याची सवय जात नाही. प्रत्येक पाळीत सहा, चार गट आळीपाळीने, म्हणजे चोवीस; वर दिवसपाळीचे अभियंते, सुरक्षा आणि सफाई धरून साठ-सत्तर माणसे. इमारत आमच्या साडेतीनशे माणसांच्या जुन्या कारखान्याच्या दुप्पट उंच होती. अशा इमारतीत माणसे कमी असतात याचा मला राग नाही, ती तशीच बांधलेली असते. सवलतींचा विचार केल्यावर मात्र प्रश्न पडतो. केंद्राने 2022 च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज स्वस्त आणि दीर्घ मुदतीचे मिळते. राज्याच्या 2023 च्या आयटी धोरणात मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्काच्या सवलती आहेत. वीज हाच ज्या धंद्याचा मुख्य खर्च आहे तेथे वीज शुल्काची माफी किती मोठी असते हे देखभालीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सवलत मेगावॅटवर मोजायची आणि भाषणात नोकऱ्या मोजायच्या, असे हे चालले आहे.

येथे अमेरिकेतले जे उदाहरण संचालकांनी द्यायला हवे होते ते विस्कॉन्सिनचे आहे. 2017 मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तेथे 10 अब्ज डॉलर आणि 13,000 नोकऱ्यांचे वचन दिले आणि राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरांच्या सवलती देऊ केल्या. कारखाना वचनाप्रमाणे उभा राहिला नाही. पण करारात सवलत प्रत्यक्ष भरतीला बांधलेली होती. 2019 साठी किमान 520 पात्र कर्मचारी हवे होते, मोजणीत 281 भरले आणि राज्याने ती करसवलत नाकारली. 2021 मध्ये करार सुधारून 1,454 नोकऱ्यांवर आणला गेला. जमीन आणि रस्त्यांवर स्थानिक संस्थांनी केलेला खर्च मात्र झालाच होता. त्याच माउंट प्लेझंट गावातल्या जमिनीवर मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये 3.3 अब्ज डॉलरांच्या एआय डेटा सेंटरची घोषणा केली, तीही राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत. आपल्याकडच्या सामंजस्य करारांना भरती मोजणारा असा काटा लावलेला असता तर पत्रके छापणाऱ्यांनाही थोडे जपून लिहावे लागले असते.

आमच्या तुकडीत तळवली गावचा एक मुलगा होता. आजोबांची जमीन एमआयडीसीत गेलेली. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांत किमान 50 टक्के आणि इतर जागांत 80 टक्के स्थानिक घ्यावेत, हा राज्याचा नियम त्याला तोंडपाठ होता. ‘काका, हे आपल्यासाठीच आहे ना?’ असे त्याने मला विचारले. त्या नियमातला स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षे राहिलेला माणूस. नांदेडचा मुलगाही तितकाच स्थानिक, आणि तो असायलाच हवा. शिवाय डेटा सेंटरचे बरेचसे मनुष्यबळ देखभाल कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते, कंपनीच्या नव्हे. हे सांगताना मला त्याच्याकडे पाहवले नाही.

संस्थेचा ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ हा शब्दप्रयोग ‘साहाय्य’ या शब्दावर तोललेला आहे. चार महिन्यांनंतरचा आमच्या तुकडीचा हिशेब असा : तिघे डेटा सेंटरमध्ये कंत्राटदारामार्फत लागले, हातात सतरा-अठरा हजार. सात जणांना बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांवर केबल ट्रे आणि अर्थिंगचे काम मिळाले, सहा ते आठ महिन्यांचे. दोघांना मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली पाठवले, ज्यात आयटीआयवाल्याला महिना 8,000 रुपये विद्यावेतन मिळते. त्यासाठी 56,640 रुपयांची गरज नव्हती, अर्ज मोफत आहे. बाकीचे जेथे होते तेथे आहेत. मला स्वतःला बांधकामाचेच काम देऊ केले होते, आणि योगायोग असा की ते आमच्या जुन्या भूखंडावरचे होते. मी ते घेतले. सबस्टेशनची जागा बदललेली नाही.

तेव्हा ज्यांना हा अभ्यासक्रम करायचा आहे त्यांनी संस्थेत गेल्यावर केवळ प्रात्यक्षिकाच्या भागाचे शुल्क विचारावे. आधी नाही म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका वायरमनने आग्रह धरला तेव्हा शनिवार-रविवारच्या तुकडीत 22,000 अधिक जीएसटीमध्ये त्याला घेतले. तुकडी वीस जणांवर गेली असेल तर पुढची पकडावी, कारण थर्मल कॅमेरा एकच आहे. भेटीचे केंद्र कोणते आणि तारीख कोणती हे लेखी घ्यावे. वर्गात जाताना डबा न्यावा. खालच्या हॉटेलातला वडापाव चांगला आहे, पण साडेसहानंतर मिळत नाही.