टर्बो इंजिनाला ई८५ वर नेणारे फ्लेक्स-फ्युएल किट: सेन्सर उत्तम, पंपाची बाजू अपुरी

टर्बो इंजिनाची ताकद वाढवताना बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) वाढवणे हे सर्वांत सोपे काम असते. त्या वाढलेल्या दाबाखाली नॉकिंग (इंधन-हवेचे मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) होऊ न देणे आणि लागेल तेवढे इंधन सिलिंडरपर्यंत पोचवणे हे मात्र अवघड असते. या दोन्हींची सोय एकाच खरेदीत करून देणारे एक किट मी दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या पोर्ट-इंजेक्शन (इंधन सिलिंडरबाहेर, हवेच्या मार्गात फवारणाऱ्या) टर्बो इंजिनावर वापरत आहे. त्यात मिनिटाला १००० सीसी क्षमतेचे चार इंजेक्टर, टाकीत बसणारा मोठा पंप, इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर आणि पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराच्या नळ्या मिळतात.

ई८५, म्हणजे इथेनॉलचे मोठे प्रमाण असलेल्या पेट्रोल-मिश्रणाचा मोह का पडतो, हे समजणे कठीण नाही. शुद्ध इथेनॉलचा आरओएन (नॉकिंगला विरोध दाखवणारा ऑक्टेन आकडा) १०८ च्या घरात असतो आणि बाष्प होताना ते दर किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. शिवाय ते जाळावे लागते जास्त प्रमाणात, त्यामुळे आत येणारी हवा लक्षणीय थंड होते आणि ठिणगी अधिक आधी देता येते. कोएनिगसेग येस्को या मोटारीची जाहीर केलेली ताकद पेट्रोलवर १२८० आणि ई८५ वर १६०० अश्वशक्ती आहे. इंधन बदलल्याने केवढा फरक पडू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

मात्र पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर ई८५ ला सुमारे ९.८ पट. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी वजनाने साधारण ५० टक्के आणि आकारमानाने साधारण ४० टक्के जास्त इंधन ओतावे लागते. याच कारणाने किटमधले इंजेक्टर ८५ टक्के ड्युटी सायकलला (म्हणजे इंजेक्टर ८५ टक्के वेळ उघडा असताना) पेट्रोलवर साधारण ५५० अश्वशक्तीला पुरतात, पण ई८५ वर ४०० च्या थोडे पुढे गेले की संपतात. जाहिरातीत फक्त पहिला आकडा दिलेला असतो, म्हणून खरेदीदाराने दुसरा आकडा स्वतः काढून पाहावा.

सेन्सर हा या किटचा सर्वांत चांगला भाग आहे. एएसटीएम डी५७९८ या मानकानुसार ई८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, त्यामुळे नावावर विसंबून केलेले ट्यूनिंग धोक्याचे ठरते. सेन्सर शून्य टक्क्यांना ५० हर्ट्‌झ आणि शंभर टक्क्यांना १५० हर्ट्‌झ असा संकेत देतो आणि त्यानुसार ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) पेट्रोल आणि ई८५ साठीच्या दोन मॅपमधला (इंधन व ठिणगीच्या तक्त्यांमधला) योग्य बिंदू निवडतो. टाकीत अर्धे पेट्रोल आणि अर्धे ई८५ असले तरी इंजिन बिनतक्रार चालते. संकेत मर्यादेबाहेर गेल्यास बूस्ट आपोआप कमी होईल, एवढी तजवीज ट्यूनरकडून आवर्जून करून घ्यावी.

पंपाबद्दल मात्र मला समाधान नाही. पंपाची क्षमता ३ बार दाबाला मोजून छापलेली आहे. रेग्युलेटर बूस्टच्या प्रमाणात इंधनाचा दाब वाढवत असल्याने १.५ बार बूस्ट असताना पंपाला ४.५ बारविरुद्ध काम करावे लागते आणि नेमक्या त्याच क्षणी, म्हणजे इंधनाची गरज सर्वाधिक असताना, त्याचा प्रवाह घटतो. त्यात पंपाला जुन्याच बारीक वायरमधून वीज दिली तर व्होल्टेज पडते आणि प्रवाह आणखी कमी होतो. किटमध्ये जाड वायर, स्वतंत्र रिले किंवा इंधनदाबाचा सेन्सर यांपैकी काहीही नाही. मी हे तिन्ही वेगळे बसवले आणि त्यानंतरच उच्च आरपीएमला लॅम्डा (हवा-इंधन प्रमाणाचा निर्देशांक) स्थिर राहिला. माझ्या मते इंजेक्टरचा आकार ठरवण्याच्या आधी पंपाचा दाबानुसार प्रवाह दाखवणारा आलेख मागवावा आणि तो न देणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करू नये.

थंड हवेत ई८५ वर इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो, कारण इथेनॉलची वाफ कमी तापमानाला सहज होत नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते भरून ठेवू नये. मिथेनॉलची थंड करण्याची क्षमता याहून मोठी असली, तरी ते विषारी आहे, ॲल्युमिनियम खाते आणि त्याची ज्वाला उजेडात दिसत नाही. रोजच्या गाडीत मुख्य इंधन म्हणून ते मला मान्य नाही. शिसे असलेले रेसिंग इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही निकामी करते.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीसाठी मी हे किट सुचवणार नाही. तिथे मर्यादा कॅमशाफ्टवर चालणाऱ्या उच्चदाब पंपाची असते आणि टाकीतला पंप कितीही मोठा केला तरी ती तशीच राहते. तो उच्चदाब पंप बदलणे किंवा पोर्टमध्ये जादा इंजेक्टर बसवणे हे दोनच पर्याय उरतात. ते शक्य नसेल तर ३० टक्के इथेनॉलच्या आसपासचे मिश्रण वापरून, लॉगमध्ये (ईसीयूने नोंदवलेल्या आकड्यांत) रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा, दाब घसरत नाही ना हे पाहत बूस्ट हळूहळू वाढवावा.