सातारा-देवळाई, वाळूज की जुनं सिडको? संभाजीनगरात घर घेणाऱ्यांसाठी

गावाकडून संभाजीनगरला येऊन घर घ्यायचं म्हणलं की फिरून फिरून हीच तीन नावं येतात, आणि बहुतेक लोक रेट आणि सँपल फ्लॅट बघून ठरवून टाकतात. माझं म्हणणं एवढंच की तो एरिया वसला कसा ते आधी विचारा, कारण पाणी, रस्ता आणि कागद ह्या तिन्हीचं उत्तर तिथंच सापडतं.

सिडकोत आधी आखणी झाली आणि मग माणसं आली. 1970 च्या दशकात काम सुरू झालं, एन-1, एन-2 असे सेक्टर पडले, मैदानं आणि शाळांना जागा सुटल्या आणि 2006 ला सगळं महापालिकेकडं गेलं. म्हातारे आईवडील सोबत असतील तर माझं मत सरळ सिडको, दवाखाना जवळ, कॅनॉटचं मार्केट जवळ, रिक्षा कधीही मिळते. पण घरं जुनी झालीत, गाडी लावायला जागा नाही आणि बरीच घरं लीजवरची आहेत, म्हणून ट्रान्सफरचे कागद पक्के बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

वाळूजला आधी कंपन्या आल्या. 1985 ला बजाजचा प्लांट सुरू झाला, मग त्यांना माल पुरवणारे छोटे-मोठे कारखाने आले आणि जालना, बीड, परभणीकडची पोरं कामाला येऊन बजाजनगर, रांजणगाव, वडगाव कोल्हाटी ह्या भागात राहिली. बजाजनगरचे प्लॉट एमआयडीसीचे, त्यामुळं तिथं आखणी बरी आहे, रांजणगावात मात्र गावठाणाभोवती जिकडं जागा मिळाली तिकडं खोल्या चढत गेल्या. कंपनीत शिफ्ट असेल तर दुसरीकडं राहून रोज छावणी, नगर नाक्याच्या ट्रॅफिकमधून यायचं म्हणजे जीव जातो, तेव्हा इथंच घ्या. आषाढीला इथल्याच छोट्या पंढरपूरला गर्दी उसळते, त्या दिवशी तेवढं रस्त्याचं बघून निघायचं.

आता सातारा-देवळाई, आणि खरा घोळ इथंच आहे. डोंगराच्या पायथ्याचं खंडोबाचं सातारा, आजूबाजूला शेती, आणि शहर बीड बायपास ओलांडून आलं तसं शेतकऱ्यांनी एकेक एकर विकायला काढलं, घेणाऱ्यांनी त्याचे गुंठे पाडले, कुणी एनए (बिगरशेती) केलं, कुणी नुसत्या बाँडपेपरवर लिहून विकलं. म्हणजे घरं आधी झाली आणि रस्ता, ड्रेनेज मागून येतंय. 2014 ला नगर परिषद झाली आणि ती नीट बसायच्या आतच हा भाग महापालिकेत गेला, त्यामुळं वर्षानुवर्षं लोकांनी बोअर आणि टँकरवरच काढली. 2020 ला 1680 कोटींची नवीन पाणी योजना मंजूर झाली, जायकवाडीहून 2500 मिमीची लाईन, पण घर घेताना योजनेवर जाऊ नका, त्या गल्लीतल्या बायकांना विचारा की नळाला पाणी कितव्या दिवशी येतं आणि मे महिन्यात टँकर किती लागतात.

कागदाचं तर अजून महत्त्वाचं. एनए ऑर्डर, मंजूर लेआउट आणि सातबारावर किंवा पीआर कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) विकणाऱ्याचं नाव, हे तीन नसेल तर बँक लोनला हात लावत नाही. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठे पाडून विकलेल्या प्लॉटांचा, कायदा 2001 चा, 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, म्हणून जुनं घर घेत असाल तर गुंठेवारीचं प्रमाणपत्र हातात बघा, फाईल टाकलीय म्हणणाऱ्याला ते मिळेपर्यंत पैसे देऊ नका. एवढं सगळं क्लिअर असेल तर साताऱ्यासारखी हवा ह्या शहरात कुठं नाही, श्रावणात गच्चीवरून डोंगर हिरवागार दिसतो आणि मागून सोलापूर-धुळे हायवे गेल्यामुळं बाहेरगावी निघायलाही सोपं झालंय.

माझ्या भावानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, वाळूजला नोकरी असेल तर बजाजनगर, घरात म्हातारं माणूस असेल तर सिडकोतलं जुनं रोहाऊस, आणि साताऱ्यात फक्त मंजूर लेआउटमधलं, मग दोन लाख जास्त गेले तरी चालतील.