ब्रिज डिझायनर: लॅबमध्ये पूल पाडायचा गेम

जुने पीसी आणि पावसाळ्यात रुसून बसणारं नेट, एवढ्या भांडवलावर कोकणातल्या सिव्हिलच्या लॅबमध्ये चालेल असा हा गेम. अमेरिकेच्या वेस्ट पॉईंट लष्करी अकादमीत तयार झालेला, फुकट, ऑफलाईन. ग्राफिक्स बघून मुलं आधी नाकं मुरडतात. मुरडू द्या.

सांधे मांडा, मेंबर (सांध्यांमधले स्टीलचे बार) जोडा, ट्रक सोडा. टेन्शनमधले (ताणलेले) मेंबर निळे दिसतात, कॉम्प्रेशनमधले (दाबलेले) लाल. डेक, म्हणजे रस्त्याचा स्लॅब, 23 सेंटीमीटरचा की 15चा, ट्रक 225 किलोन्यूटनचा की 480चा, हे आधी ठरवायचं. पूल टिकला की खर्चाचा आकडा बघायचा, आणि तिथेच खरी गंमत आहे.

मेंबर तुटला की मुलं हमखास तो जाड करतात. मग पुलाचं स्वतःचं वजन वाढतं, बाकीच्या मेंबरांवर भार चढतो, बिल फुगतं. प्रत्येक मेंबरला वेगळा साईज दिला तर वजन घटतं, पण प्रत्येक नव्या साईजचा खर्च वेगळा लागतो. म्हणून ट्रक सोडण्याआधी कुठला मेंबर जाईल आणि कशाने, हे जर्नलमध्ये लिहून घ्या. नाहीतर तो नुसता तुक्क्यांचा खेळ होतो.

एक प्रयोग चुकवू नका. ट्रस म्हणजे मेंबरांच्या त्रिकोणांचा सांगाडा; प्रॅट आणि हाऊ हे त्याचे दोन प्रकार. प्रॅट ट्रसचे तिरके मेंबर उलटे फिरवून हाऊ ट्रस करा. निळे होते ते लाल होतात, आणि तोच बार, तीच लांबी असून बकलिंगने, म्हणजे दाबाखाली बाजूला वाकून, जातो. पोकळ नळी कशाला, हे तेव्हा कळतं: किलोमागे महाग, पण तेवढ्याच स्टीलमध्ये सहज वाकत नाही. टेन्शनला छेदाचं क्षेत्रफळच मोजतात, तिथे नळी म्हणजे पैसे खाडीत. लांब मेंबरच्या मधोमध सांधा टाकायची शक्कल कोणीतरी काढतंच. त्या सांध्याला आडवा आधार दिला नाही तर गेम ट्रस अस्थिर ठरवतो.

उणीव मोठी आहे. इथे खारं वारं नाही, गंज नाही. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीच्या पुरात जुना कमानीचा पूल वाहून गेला. गेममधल्या नदीला पूरच येत नाही. रत्नागिरीजवळचा पनवल नदीवरचा 64 मीटर उंच रेल्वे पूल जसा टप्प्याटप्प्याने पुढे ढकलत नेला, तसलं उभारणीचं कामही यात नाही. हे प्रश्न व्हायव्यात (तोंडी परीक्षेत) विचारावे लागतील.

पॉली ब्रिज हा दुसरा पूल बांधायचा गेम दिसायला गोड, हलणारे पूलही जमतात; पण तो विकतचा, आणि स्टीलचा सेक्शन (मेंबरच्या छेदाचा आकार, जाडी) निवडता येत नाही.

एका पीसीवर दोघंच बसवा. तिसरा नुसता बघतो.