चाचणी द्यावी की नाकारावी?

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अमेरिकेत अटक झाली की अल्कोहोल मोजणारी श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नाकारणं अनेकांना शहाणपणाचं वाटतं. आकडाच नाही, तर पुरावा कुठला! कॅलिफोर्नियात हिशेब उलटा बसतो. २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या चालकाने पहिल्यांदा पकडलं गेल्यावर चाचणी दिली आणि रक्तात ०.०८ टक्के किंवा जास्त अल्कोहोल निघालं, तर लायसन्स ४ महिने निलंबित. नकार दिला तर थेट १ वर्ष. वर तोच नकार खटल्यात पुरावा म्हणून पुढे येतो, आणि वॉरंट आणून पोलीस रक्त घेऊ शकतात ते वेगळंच.

नकारानकारातही फरक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या बर्चफील्ड निकालानुसार, वॉरंट नसतानाही श्वासाची चाचणी नाकारणं राज्य गुन्हा ठरवू शकतं; रक्ताची नाकारणं नाही.