वारा सुटलाय, पाणी गढूळ: तारेचा पॉपिंग कॉर्क कितपत कामाचा?

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या खाजणांत आग्नेयेचा वारा दोन दिवस लागला की पाणी चढतं, गाळ उठतो आणि वीतभर खालचंही दिसेनासं होतं. अशा दिवशी रेडफिश आणि स्पेकल्ड ट्राउटसाठी तारेचा, वजनदार पॉपिंग कॉर्क, म्हणजे गळाच्या दोरीला बांधायचा आवाज करणारा तरंगता फ्लोट, घ्यावा. यातला ट्राउट नावापुरताच ट्राउट. दोघेही आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातले, स्वतः आवाज काढणारे. नजर चालत नाही तिथे ते आवाजाच्या रोखाने येतात आणि हा कॉर्क नेमकं तेच साधतो.

रचना साधी आहे. फोमचा फ्लोट, त्यातून आरपार तार, तारेवर प्लास्टिकचे आणि पितळी मणी, दोन्ही टोकांना फिरत्या कड्या. झटका दिला की मणी आपटून टकटक होते, पाणीही उडतं. खोलगट डोक्याचा कॉर्क मोठा आवाज करतो, फूटभर लाटांतही तो ऐकू जातो. पण फेकताना वारा धरतो. वाऱ्याविरुद्ध फेकणं टळत नसेल तर अंडाकृती बरा.

पैसे तारेवर खर्च करा. स्टीलची तार मोठ्या रेडफिशच्या ओढीने वाकते. वाकलेल्या तारेवर फ्लोट सरकत नाही, टकटक बंद पडते आणि उरतो नुसता बुडबुडणारा फोम. टायटॅनियमची महाग असते, पण पुन्हा सरळ होते.

खरी डोकेदुखी गुंत्याची. २० ते ३० पाउंडांचा ताण सोसणारी वेणीची दोरी मऊ असल्याने वाऱ्यात ढिली पडून वरच्या मण्यांना वेढे घालते. दोरी आणि कॉर्क यांच्यामध्ये दीड-दोन फूट जाड मोनो (एकपदरी नायलॉनची ताठ दोरी) बांधला की हे बरंच थांबतं. शिवाय कॉर्क पाण्याला टेकण्याच्या क्षणभर आधी स्पूलवर, म्हणजे रिळाच्या दोरी गुंडाळलेल्या भागावर, बोट दाबावं. जिग (वजन जडवलेला गळ) पुढे जाऊन लीडर, म्हणजे कॉर्कपासून जिगपर्यंतची दोरी, ताणला जातो.

लीडर २० ते २५ पाउंडांचा, अडीच-तीन फूट पाण्यात १८ ते २४ इंच. जिग तळापासून सहा इंच वर लोंबावं. त्याहून खाली गेलं तर शिंपल्यांत अडकतं. लाटांत पाव औंसाचंच जिग वापरा. अष्टमांश औंसाचं लाटेबरोबर वर उचललं जातं. त्यावर तीन इंची प्लास्टिकची कोळंबी, शक्यतो गडद रंगाची.

फेक वाऱ्याच्या दिशेने किंवा थोडी तिरकी. दोरीला झोळ पडला की झटका झोळातच विरतो, कॉर्क हलत नाही. म्हणून आधी काठीचं टोक खाली ठेवून ढिली दोरी गुंडाळा, मग दोन कडक झटके आणि चार-पाच सेकंद थांबा. होडी वाऱ्याबरोबर कॉर्कवर चालून जात असेल तर खुंटा रोवा. कॉर्क बुडाल्यावर हिसका नको: ट्राउटचं तोंड नाजूक, फाटतं. रीळ फिरवत काठी उचलली की पुरे.

वारा साधारण २० नॉटच्या पुढे गेला की लहान होड्यांसाठी इशारा लागतो. तेव्हा उघडा उपसागर ओलांडूच नये, गवताच्या आडोशालाच राहावं. आणि थंडीच्या लाटेनंतर उत्तरेचा वारा खाजणातलं पाणी बाहेर ढकलतो, मासे खोल डोहांत उतरतात. तेव्हा कॉर्क काढून ठेवा आणि नुसतं जिग तळावरून हळू ओढा.