पाठीवरच्या चुण्यांसाठी दहा रविवार

“एकट्या येऊ नका, सोबत कुणाला तरी आणा,” जुन्या काळचा इंग्रजी गाऊन हाताने शिवायला शिकवणाऱ्या मॅडमनी फोनवरच सांगितलं होतं. मला वाटलं, बॅच भरायची असेल. पाचव्या रविवारी कळलं की हा गाऊन एकटीला बेतताच येत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रज बायकांच्या या झग्याची पाठ कागदावर आखायची नसते. कापड थेट अंगावर धरून, चुण्या घालून, टाचण्या लावून ती बसवायची असते. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते? तिथं दुसरीचेच हात लागतात. मी माझ्या जाऊबाईंना आणि शेजारच्या भाभींना घेऊन गेले.

छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यात मॅडमच्या घरी वरच्या मजल्यावर क्लास असतो. रविवारी 11 ते 3, फी 4,500, कापड आपलं. मशीनला हात लावायचा नाही, कारण त्या काळी मशीनच नव्हती. मी चौदा वर्षं घरी साड्यांना फॉल-पिको करते, सुई माझ्या हातात बसलेली आहे. तरी पहिले दोन रविवार माझ्याकडूनही नुसते टाके घालून घेतले. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई. दोरा आधी मेणावरून ओढायचा, म्हणजे गुंतत नाही. धावदोरा घालताना आजी आठवली. वाकळ शिवताना तिचा टाका असाच पडायचा, न मोजता सारखा.

एक जोड मात्र मी लगेच धंद्यात घेतली. एक कड दुसरीपेक्षा जरा पुढं ठेवायची, ती दुमडून दुसरीवर आणायची आणि सगळ्या पदरांतून एकदाच तुरपायचं. जोडही झाली, कडही झाकली. आता हाताने शिवायचे परकर मी असेच देते.

कापड घ्यायला मी आधी हिमरूच्या मागं होते, आपल्या गावचं म्हणून. मॅडमनी ते उलटं करून दाखवलं. मागं नक्षीचे मोकळे धागे असतात, बारीक चुण्यांना टाके घेताना ते सुईत अडकतात. मग गुलमंडीवरून मच्छलीपट्टणमचं छापील कलमकारी सुती घेतलं, 44 इंची पन्ह्याचं, साडेसात मीटर. आणि तेच या झग्याला शोभलं. त्याच किनाऱ्यावरचं रंगीत सुती, चिंट्झ, युरोपात इतकं खपायला लागलं की तिथले विणकर बिथरले. फ्रान्सनं 1686 ते 1759 त्यावर बंदी घातली. इंग्लंडनं 1721 मध्ये कायदा केला, तो 1774 मध्ये उठला. बंदी असतानाही बायका ते घालत राहिल्या. अंगावर कापड धरून हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता पाठीचं सांगते. आधी अस्तर अंगावर घट्ट बसवून घ्यायचं, आम्ही मांजरपाटाचं केलं. त्यावर मानेपासून टाचेपर्यंत अखंड कापड. कंबरेत कापायचं नाही. कापडाचा उभा धागा बरोबर कण्यावर धरायचा आणि दोन्हीकडून चुण्या घ्यायच्या, खांद्याकडं रुंद, कंबरेकडं निमुळत्या. कंबरेपर्यंत त्या अस्तरावर शिवून टाकायच्या आणि खाली मोकळ्या सोडायच्या. तेच कापड घोळ होऊन पडतं. जाऊबाईंना लुगड्याच्या निऱ्यांची सवय. “हलू नको गं, डावीकडं ओढायलंय,” म्हणत त्यांनी चार वेळा टाचण्या काढल्या. पाचव्यांदा मॅडमनी मला आरशासमोर पाठमोरी उभी केली आणि हातात दुसरा आरसा दिला. चुण्या सरळ कंबरेत उतरत होत्या. मी काही बोललेच नाही बराच वेळ.

बाहीची रीतही निराळी. काखेकडचा अर्धा भाग आतून शिवायचा, वरचा अर्धा झगा अंगात असतानाच खांद्यावर बसवायचा. माझी उजवी बाही कोपराला पिळली होती. उसवली, दोन बोटं फिरवली, बसली.

तक्रार एकच, पण मोठी. आतली कसायची चोळी, तिला इंग्रजीत स्टेज (stays) म्हणतात, तिला दोनच रविवार दिले. पूर्वी तिच्यात देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या घालत, आम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानातले जाड केबल टाय कापून घातले. प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी उलटी टीप, आणि पट्ट्या तीसच्या वर. दोन रविवारांत ते होत नाही. भाभींचं अर्धंच राहिलं, म्हणून त्यांना मॅडमचं जुनं स्टेज घालून उभं केलं. ते काखेत सैल होतं आणि तोच सैलपणा त्यांच्या झग्यात उतरला. मॅडमना हे मी समोरच सांगितलं. पुढच्या बॅचला चार रविवार देते म्हणाल्या. बारा जणींत आरसा एक, तोही वाढवायला हवा.

तरी जा. स्टेजची तयारी घरून करून जा, आणि जिच्यासमोर तासभर हात वर करून उभं राहता येईल अशी मैत्रीण सोबत न्या.

तेव्हा कापड महाग आणि शिलाई स्वस्त होती, म्हणून बायका झगा उसवून पुन्हा बेतत. भाभींचं स्टेज या आठवड्यात पूर्ण होतंय. रविवारी आमच्याच घरी त्यांच्या पाठीचे टाके उसवणार आहोत. पाठीचं कापड कुठंच कापलेलं नाही, बसेल.