लिनक्स मिंटवर लिब्रेऑफिस कॅल्क: पंखा का ओरडतो ते शोधेपर्यंतचा अनुभव

लिब्रेऑफिसमधलं कॅल्क म्हणजे एक्सेलसारखा हिशेबाच्या तक्त्यांचा कार्यक्रम. त्याच्याबद्दल माझी तक्रार एकच आहे आणि हे सगळं लिहून झाल्यावरही ती तशीच राहणार आहे. ते कामात अडकलेलं असतं तेव्हा कशात अडकलंय हे सांगत नाही. फाईल उघडताना खाली पट्टी सरकते, ओळींची उंची जुळवतोय असा संदेश येतो, तेवढं ठीक. पण फाईल उघडल्यानंतर एक आकडा टाकला, एंटर मारला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला, तर तो कुठल्या शीटपायी, कुठल्या सूत्रापायी, याचा एक शब्द स्क्रीनवर दिसत नाही. खिडकी करडी पडते आणि पंखा सुटतो.

आधी मशीन सांगतो. पाचव्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकून घेतलेली. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. चालता लॅपटॉप केवळ एवढ्यासाठी टाकून द्यायचा हे मला पटत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 टाकलं. त्यासोबत लिब्रेऑफिस 24.2 येतं. काम म्हणाल तर आमच्या गृहनिर्माण सोसायटीचं खजिनदारपद. सभासदांची बिलं, वसुली, थकबाकी, नोटिसा आणि वर्षअखेरीस ऑडिटरला द्यायची पत्रकं.

सुरुवातीचे महिने उत्तम गेले. लॅपटॉप चटकन सुरू होतो, प्रिंटर आपला आपण ओळखला गेला. त्रास सुरू झाला तो मार्च जवळ आला तसा, थकबाकीच्या फाईलमध्ये. पावती टाकली की काही सेकंद सगळं थिजायचं, मग सुटायचं, पुढची पावती टाकली की पुन्हा तेच. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने न उघडताच बोर्ड कमजोर झालाय म्हणून सांगितलं आणि साडेआठ हजारांचा आकडा टाकला. नवीनच घ्या, हाही सल्ला दिला. ब्राउझरमध्ये तासभर व्हिडिओ चालला तरी न तापणारा बोर्ड फक्त थकबाकीच्या शीटवरच कसा कमजोर होतो, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी लॅपटॉप घेऊन परत आलो.

मग शोध सुरू केला. टर्मिनलमध्ये 'टॉप' (कुठला कार्यक्रम प्रोसेसर किती खातो ते दाखवणारी आज्ञा) चालवलं की सर्वांत वर 'सॉफिस डॉट बिन', म्हणजे चालू असलेलं लिब्रेऑफिस, दिसतं, शंभराच्या आसपास. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. टॉपमध्ये शंभर म्हणजे एक धागा (थ्रेड, प्रोसेसरमधली कामाची एक रांग) पूर्ण भरला. माझ्या प्रोसेसरला दोन कोर आणि चार धागे आहेत, म्हणजे कमाल चारशे. मिंटच्या सिस्टिम मॉनिटरमध्ये मात्र एकूण वापर धाग्यांच्या संख्येने भागायची सोय आहे. ती चालू असेल तर हेच शंभर तिथे पंचवीस दिसतात आणि प्रोसेसर तर निवांत आहे असं वाटतं. तो निवांत नसतो. लिब्रेऑफिसचं बरंचसं काम एकाच मुख्य धाग्यावर चालतं. तो भरला की खिडकी थिजते, मग बाकीचे तीन मोकळे असून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट कळल्यावर मी खरा वैतागलो. रायटर (मजकुरासाठी), कॅल्क, इम्प्रेस (सादरीकरणासाठी) हे सगळं मिळून एकच सॉफिस डॉट बिन असतं. थकबाकीची शीट आकडेमोडीत गुंतली की शेजारी रायटरमध्ये उघडी असलेली सभेची नोटीसही थिजते. तिचा त्या शीटशी काही संबंध नसतो, तरीही.

इंटरनेटवर सगळीकडे मिळणारे उपाय मी ओळीने केले. हेल्प मेन्यूतून सेफ मोडमध्ये सुरू केलं, एक्स्टेन्शन बंद, हार्डवेअर अॅक्सलरेशन बंद. काही फरक नाही. होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिगमध्ये लिब्रेऑफिसचा प्रोफाइल (तुमच्या सेटिंगचा साठा) असतो, 4 नावाच्या फोल्डरच्या आत 'यूजर'. त्याचं नाव बदललं की कार्यक्रम कोऱ्या प्रोफाइलने उघडतो. तेही करून पाहिलं, फरक नाही. (हा फोल्डर पुसू नका, फक्त नाव बदला. तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द आणि तुमचे साचे त्यातच असतात.) फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर कार्यक्रम सुटे टाकायची एक पद्धत) लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती टाकली. तिचा प्रोफाइल मूळचाच वेगळा असतो, म्हणजे एका दगडात दोन चाचण्या. तिथेही तीच फाईल, तोच पंखा. जावा बंद केल्याने सुरू व्हायचा वेळ थोडा कमी झाला, एवढंच.

त्या वेळी माझं मत झालं होतं की लिनक्सवर हिशेबाचं काम करू नये. हा अनुभव मी तेव्हाच लिहायला घेतला होता आणि वरचा मजकूर त्याच रागातला आहे. तो बदलत नाही. पण त्यानंतर जे सापडलं त्याने माझं मत बरंचसं फिरवलं.

वळण आलं ते एका साध्या निरीक्षणाने. सगळ्या फाईली बंद केल्या आणि नुसता स्टार्ट सेंटर, म्हणजे लिब्रेऑफिसची सुरुवातीची खिडकी, उघडा ठेवला, तर प्रोसेसर जवळजवळ शून्यावर. कोरी शीट उघडली, तरी शांत. म्हणजे दुखणं कार्यक्रमात किंवा लॅपटॉपमध्ये नव्हतं, फाईलमध्ये होतं. ही फाईल माझ्याकडे आधीच्या खजिनदारांकडून आली, मुळात एक्सेलमध्ये बनलेली.

फाईलची प्रत काढून निम्म्या शीट उडवल्या, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. ही पद्धत सगळे सांगतात, पण तिच्यात एक खोच आहे. शीट उडवली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सूत्रांत संदर्भ तुटल्याची चूक येते, आणि चूक दाखवणाऱ्या सूत्राला काही मोजावंच लागत नाही. फाईल शांत होते ती त्यामुळे, आणि आपण भलत्याच शीटवर ठपका ठेवतो. म्हणून उडवाउडवी सोडली आणि डेटा मेन्यूत 'कॅल्क्युलेट'मधलं 'ऑटोकॅल्क्युलेट' बंद केलं. खरी माहिती तिथे मिळाली. आकडा टाकल्यावरचं थिजणं पूर्ण थांबलं, पण थकबाकीची शीट वरखाली सरकवताना पंखा सुटायचा तो सुटतच होता.

दोन वेगळ्या वेळी दोन वेगळी लक्षणं, म्हणजे दुखणी दोन. एक आकडेमोडीचं, दुसरं चित्र रंगवण्याचं. इतका वेळ मी दोघांना एकच समजून औषध शोधत होतो.

रंगवण्याचं आधी सांगतो. थकबाकी असेल तर आकडा लाल, तीन महिन्यांच्या वर गेली तर पिवळी पार्श्वभूमी, असं कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार रंग बदलायचे नियम) होतं. फॉरमॅट मेन्यूत 'कंडिशनल' आणि त्यात 'मॅनेज' उघडलं तर यादी संपेचना. वर्षानुवर्षं कुणी ओळ कॉपी करून खाली चिकटवली की तिच्याबरोबर नियमही चिकटत गेला होता. एका पूर्ण स्तंभाला एक नियम असायला हवा होता, तिथे एकेका सेलचे, दोन-दोन ओळींचे सुटे तुकडे पडले होते. शीट सरकते तेव्हा दिसणाऱ्या सेलना कुठला नियम लागतो हे कॅल्क पुन्हा तपासतं, आणि आमच्या नियमांत तारखेचं सूत्रही होतं. ही तुकडे पडायची खोड एक्सेलमध्येही आहे, त्यामुळे दोष एकट्या कॅल्कला देता येत नाही. आता चिकटवताना मी कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून 'पेस्ट स्पेशल' उघडतो आणि फक्त मजकूर आणि आकडे निवडतो.

कॅल्कची स्वतःची ओडीएस प्रकारची फाईल ही आतून साधी झिप असते. ती सोडवली की आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाईल मिळते आणि तिच्यात हे सगळे नियम डोळ्यांनी वाचता येतात. मी ते वाचले, शोधून मोजले, तुकड्यांच्या सफाईआधी आणि सफाईनंतर. माझ्या हिशेबाची फाईल मला आतून बघू देणारं सॉफ्टवेअर मला फार मोलाचं वाटतं. काम करताना ते गप्प बसतं ही तक्रार आहेच, पण काही लपवून ठेवत नाही हेही तितकंच खरं.

आता आकडेमोड. प्रत्येक ओळीत व्याजाचं सूत्र होतं आणि प्रत्येक सूत्रात 'टुडे', म्हणजे आजची तारीख देणारं फंक्शन. टुडे, नाऊ, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट ही फंक्शन अशी आहेत की शीटमध्ये कुठेही काही बदललं तरी ती पुन्हा मोजली जातात, त्यांचा त्या बदलाशी संबंध असो वा नसो. तळमजल्याच्या एका सभासदाची पावती टाकली तरी सगळ्या इमारतीचं व्याज नव्याने मोजायचं. भरीला, कॅल्क एका स्तंभात सलग असलेलं एकसारखं सूत्र गट करून अनेक धाग्यांवर मोजू शकतं. पण मध्येच कुणी सूत्र पुसून हाताने आकडा टाकलेला असला की तो गट तिथे तुटतो. आमच्या स्तंभात असे आकडे जागोजागी होते. बहुधा कुणाची तरी व्याजमाफी तशीच लिहिलेली.

टुडे काढणं हा वेगाचा उपाय म्हणून मी केला, पण त्यात हिशेबाचीच मोठी गफलत बाहेर आली. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) थकबाकीवर ठरलेल्या मर्यादेत सरळ व्याज लावता येतं. बिलात ते बिलाच्या तारखेपर्यंतचं दाखवायचं. सूत्रात टुडे असल्यावर जानेवारीचं बिल मार्चमध्ये उघडलं की त्यावर मार्चपर्यंतचं व्याज दिसतं. म्हणजे सभासदाच्या हातातली छापील प्रत आणि आमच्या फाईलमधला आकडा जुळणारच नाही. मागे एका सभासदाने सभेत नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्याला कुणी धड उत्तर दिलं नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आता वरच्या एका सेलमध्ये बिलाची तारीख हाताने टाकतो आणि सगळी सूत्रं त्या सेलकडे बघतात. जुनं बिल कधीही उघडा, व्याज तेच.

एवढं झाल्यावर ऑटोकॅल्क्युलेट पुन्हा चालू केलं. पावती टाकली की टॉपमध्ये सॉफिस क्षणभर वर येतं आणि खाली बसतं. एप्रिलची बिलं याच लॅपटॉपवर काढली, पंख्याचा आवाज वाढला नाही. साडेआठ हजार वाचले आणि बोर्ड तोच आहे.

रायटरबद्दल थोडक्यात. मराठी नोटिसा छान दिसतात, जोडाक्षरं कुठे फुटत नाहीत. मात्र सभासदांच्या नावांची लांब यादी असली की शुद्धलेखन तपासनीस सगळ्या नावांखाली लाल रेघा ओढत बसतो. तेवढ्या वेळापुरतं शिफ्ट-एफ7 दाबून ते बंद ठेवतो. दर 10 मिनिटांनी आपोआप जतन करायची सोय मुळात चालू असते. फाईल जड असेल तर त्या क्षणीही प्रोसेसर उसळतो. तो त्रास नाही, ती सोय बंद करू नका. माझ्याकडे वीज जाते तेव्हा जुनी बॅटरी फार वेळ धरत नाही, आणि त्या जतनामुळे पावत्या वाचल्या आहेत.

आता मूळ तक्रारीकडे. हे सगळं शोधायला मला टॉप कळावं लागलं, झिप सोडवावी लागली, टुडेचा स्वभाव समजून घ्यावा लागला. आमच्या शेजारच्या सोसायटीच्या खजिनदार काकूंनी हे कुठून करायचं? त्यांची फाईलही अशीच हातोहात आलेली आहे. खालच्या पट्टीवर नुसतं इतकं यावं: थकबाकी शीट, अमुक स्तंभ, पुन्हा मोजतोय. किंवा मॅनेजच्या खिडकीत एक बटण असावं, एकसारखे नियम एकत्र करा म्हणून. ही मागणी मी लिब्रेऑफिसच्या बगझिलावर (दोष आणि मागण्या नोंदवायच्या संकेतस्थळावर) नोंदवणार आहे, सभासदांची नावं काढून टाकलेली नमुना फाईल जोडून. अशा फाईलशिवाय नोंद केली तर तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून ती आधी तयार करतोय.

ऑडिटरना एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाईल, लागते. मूळ फाईल मी ओडीएसमध्येच ठेवतो आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढून देतो. त्यांच्याकडून परत आलेल्या प्रतीत मी काम करत नाही. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या बघून मूळ फाईलमध्ये हाताने घालतो. वेळ जास्त जातो, पण नियमांचे तुकडे पुन्हा आत शिरत नाहीत. महिन्यातून एकदा, बिलं काढायच्या आधी, 'मॅनेज' उघडून यादी लांबली आहे का तेवढं बघून घेतो.